डाव्या बाहीचं मनगट

प्रिय सई आणि नील,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर सईनं तुमच्या बाबाचा लहानपणीचा मोरपंखी स्वेटर कॅमेऱ्यासमोर धरला आणि विचारलं, "आजी, याची डावी बाही आखूड का? आणि मनगट इतकं घट्ट का आहे?" सई सध्या विणकाम शिकते आहे, त्यामुळे तिच्या नजरेतून ते सुटलं नाही. मी "मग सांगेन" म्हणून विषय बदलला. तुमचा बाबा मागे उभा राहून गालातल्या गालात हसत होता. त्याला कारण ठाऊक आहे… म्हणजे, मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच.

आता लिहून ठेवते. ज्यांच्याबद्दल हे आहे त्या मालूताई गेल्या हिवाळ्यात गेल्या, भरपूर जगून, झोपेतच. त्या असेपर्यंत मी हे बाहेर कुणाला नावानिशी सांगितलं नाही. लोकांनी त्यांना जाऊन नाही नाही ते विचारलं असतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. भूतखेत, नजर, अंगात येणं, यांतल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही नाही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई. घरात मांजर आडवं गेलं तर मी मांजराची वाट मोकळी करून देते आणि पुढे जाते. तरीही हे घडलं, आणि माझ्याच कपाटात घडलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्र्यंबक रोडवर आम्ही एका दुमजली इमारतीत भाड्यानं राहायचो. तुमचे आजोबा सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचे. तुमचा बाबा, श्रीकांत, चौथीत होता. खालच्या मजल्यावर गांगुर्डे राहायचे. गांगुर्डेभाऊ देवळाली कॅम्पात एका स्टोअरमध्ये कारकून होते, आणि त्यांच्या बायको मालूताई. माहेर सिन्नरकडचं, बोलणं तिकडचं, मूलबाळ नव्हतं. श्रीकांतवर त्यांचा फार जीव. तो शाळेतून आला की आधी खालच्या दारात थांबायचा, मग वर यायचा.

तेव्हा नाशिकची थंडी म्हणजे थंडी होती. सकाळी खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल बाहेर यायचं नाही. घरोघरी बंबाचा धूर, आणि नदीकडून येणारं धुकं त्या धुरात मिसळून सगळा रस्ता राखाडी. पुरुष कामावर गेले की आम्ही बायका गच्चीवर जमायचो. कुणी ओला हरभरा सोलायचं, कुणी गव्हल्या करायचं, पण बहुतेकींच्या हातात सुया आणि लोकर. लोकर गांगुर्डेभाऊ कॅम्पाच्या बाजारातून आणून द्यायचे. तिकडे फौजी कुटुंबांमुळे लोकर चांगली मिळायची.

आमच्या गच्चीची एक पद्धत होती. कुणाचं दूध उतू जायला आलं, कुणाचं बाळ रडलं, की ती आपलं विणकाम शेजारणीच्या हातात देऊन खाली पळायची, आणि शेजारीण तिच्या ओळी पुढे नेत राहायची. काम थांबायचं नाही. त्यामुळे इमारतीतल्या प्रत्येक स्वेटरमध्ये सगळ्यांचे हात असत, आणि ते आम्हाला ओळखता येत. "ही ओळ कमलची दिसते. तिच्या नवऱ्याच्या विजारीसारखी सैल." असं शेजारच्या कोठावदेकाकू म्हणायच्या, आणि कमल म्हणायची, "काकू, तुमचे टाके तर इतके आवळ की माझ्या पोराला खोकता येत नाही."

मालूताई मात्र आपलं काम कुणाला द्यायच्या नाहीत. त्या डावखुऱ्या. कॅम्पातल्या एका फौजीच्या पंजाबी बायकोसमोर बसून, आरशात बघावं तसं बघत, त्या विणायला शिकलेल्या. त्यामुळे लोकर सुईवर उलट्या बाजूनं गुंडाळायची सवय लागली ती लागलीच. आपला सुलट टाका उघड्या चिमट्यासारखा दिसतो, त्यांचा दिसायचा मांडी घालून बसल्यासारखा, एक पाय दुसऱ्यावर चढलेला. "वहिनी, तुम्ही नका हात लावू," त्या मला म्हणायच्या. "तुमचा टाका सरळ, माझा वाकडा. पोराचा सोटर लंगडा व्हायचा."

रविवारी सकाळी आम्ही सगळे पांडवलेण्याला जायचो. मालूताई पायऱ्या चढता चढताही विणायच्या, लोकरीचा गुंडा खांद्याच्या झोळीत. वर पोचलं की उन्हात बसून द्राक्षं खायची आणि खाली पसरलेलं गाव बघायचं. उतरताना मिसळ ठरलेली. श्रीकांत म्हणायचा, "मावशी, बघून चढा." त्या म्हणायच्या, "पायाला डोळे हायेत माझ्या. तू तुझं बघ."

त्या वर्षी शाळेची सहल संक्रांतीनंतर अंजनेरीला जाणार होती. मालूताईंनी श्रीकांतला शब्द दिला, सहलीला नवा स्वेटर. पाठ, पुढा आणि उजवी बाही झाली. बाही त्या खांद्यापासून टाके उचलून मनगटाकडे विणायच्या, म्हणजे मूल वाढलं की मनगट उसवून लांबवता येतं. डावी बाही कोपरापर्यंत आली आणि मालूताईंना ताप भरला. साधा नव्हता. मेंदूपर्यंत गेला होता. पुण्याच्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. गाडीत झोपवताना त्यांनी माझा हात धरला.

"वहिनी, बाही राह्यली. कुणाला हात लावू देऊ नका. मी येते."

पुण्याला पोचेपर्यंत त्यांची शुद्ध गेली.

मी तो स्वेटर सुयांसकट घरी आणला. शेवटच्या ओळीत काळा दोरा ओवून खूण केली, डांबराच्या गोळ्या घातल्या आणि लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. रोज दुपारी काढून गच्चीवर ऊन दाखवायचे, पुन्हा आत. कोठावदेकाकू म्हणाल्या, "अगं, पुरी करून टाक की. पोरगं डोंगरावर कुडकुडेल."

"नाही काकू. त्यांचं काम आहे. त्या येऊन करतील."

आता मनातलं लिहिते. माझ्या डोक्यात एक वेडी गोष्ट बसली होती. बाही अपुरी आहे तोवर मालूताईंना परत यावंच लागेल. बी.ए. झालेल्या बाईनं असं म्हणू नये, पण मी रोज कुलूप लावताना ते म्हणत होते.

मग एका दुपारी स्वेटर उलगडला, तर काळ्या दोऱ्याच्या खाली, मनगटाच्या बाजूला, नवं विणकाम होतं.

मला वाटलं, दोरा सरकला. पण ओवलेला दोरा सरकत नाही, आणि लोकरीचा गुंडाही लहान झाला होता. दुसऱ्या दिवशी आणखी वाढ. मी गच्चीवर सगळ्यांसमोर विचारलं, कुणी हात लावला का. कमल म्हणाली, "मला माझंच पुरं होत नाही, दुसऱ्याचं चोरून कुठं करू?" काकूंनी स्वेटर हातात घेतला, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि माझ्या मांडीवर ठेवला. टाके मांडी घातलेले होते.

आजोबांना सांगितलं. ते इंजिनिअर. म्हणाले, "तूच झोपेत विणत असशील."

"मला तो टाका येत नाही."

"जागेपणी येत नसेल."

मी दुसरी लोकर घेऊन त्यांच्यासमोर बसले. डाव्या हातानं, उलटं गुंडाळून, हरतऱ्हेनं प्रयत्न केला. चार टाके धड आले नाहीत. मग त्यांनी कपाटाची किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली आणि कामावर घेऊन गेले. संध्याकाळी आल्यावर त्यांनीच कपाट उघडलं. किल्ली दिवसभर सातपूरला, आणि बाही कपाटात बोटभर पुढे गेलेली. आजोबांनी ती हातात धरली, मग मला म्हणाले, "चहा टाक." त्या विषयावर ते पुन्हा कधी विनोद करून बोलले नाहीत.

मला भीती वाटायची ती भुताची नाही. बाही मनगटाकडे चालली होती. अपुरी होती म्हणून मालूताई परत येणार होत्या, आणि आता ती पुरी होत होती. पुरी झाली की त्यांना परत यायचं कारण उरणार नव्हतं. पुण्याहून गांगुर्डेभाऊंचं एकच कार्ड आलं होतं, फरक नाही एवढंच लिहिलेलं.

भोगीच्या दिवशी बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी झाली, जेवणं आटोपली, आणि मी स्वेटर घेऊन गच्चीवर एकटी बसले. मनगट सुरू झालं होतं. पण आता टाके निराळे होते. तेच मांडी घातलेले, पण घट्ट, ओढून ओढून घातल्यासारखे. आधीची वीण मऊ आणि मोकळी, ही सुतळीसारखी.

मी ठरवलं, उसवायचं. रोज जेवढं वाढेल तेवढं रोज उसवायचं. सुई काढली, लोकरीचं टोक धरलं आणि एक टाका ओढला. तेवढ्यात श्रीकांत पतंग घेऊन वर आला. त्यानं बघितलं आणि पतंग तिथंच टाकला.

"आई, काय करतेस?"

"बाही पुरी व्हायला नको रे, सोन्या."

"का? मावशी करताहेत ना?"

इतक्या सरळपणे म्हणाला, जणू मालूताई खालच्या मजल्यावरच बसल्या आहेत. मग माझ्या शेजारी बसला. "त्या एवढ्या मेहनतीनं करताहेत आणि तू उसवतेस. त्यांना किती वाईट वाटेल."

मी तो निसटलेला टाका परत सुईवर घेतला. माझ्या सरळ पद्धतीनं. सई, भिंग लावून बघ, मनगटाच्या सुरुवातीला एक टाका एकटा सरळ आहे. तो माझा.

संक्रांत गेली. तिळगूळ वाटला, हसले, बोलले, काय बोलले ते आठवत नाही. किंक्रांतीला दुपारी कपाट उघडलं तर सुया वेगळ्या पडलेल्या, आणि मनगट बंद झालेलं. शेवटची गाठसुद्धा मारलेली. गुंडा संपला होता.

काकूंना दाखवलं. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "किंक्रांतीलाच का गं पुरी व्हावी," आणि मग त्यांनीच जीभ चावली. तो दिवस अशुभ मानतात, कुणी नवं काम धरत नाही. मी खाली जाऊन गांगुर्ड्यांच्या बंद दारासमोरचं अंगण झाडलं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

दिवेलागणीला गांगुर्डेभाऊ आले. पुण्याच्या बसनं आलेले, दाढी वाढलेली, हातात पिशवी. मी जिन्यातच उभी होते. विचारायचा धीर होईना.

"वहिनी," ते म्हणाले, "मालू शुद्धीवर आली. आज सकाळी. मला म्हणली, तुम्ही जेवले का?"

मी पायरीवर बसले. ते घाबरले. मी म्हटलं, काही नाही, तुम्ही वर चला, आधी चहा घ्या.

चहा घेताना ते आपणहून सांगत होते. "बेशुद्धीत बी हात काय थांबेना तिचा, वहिनी. बोटं चाललेली, चाललेली. दिवसरात. शेवटी भोगीला सकाळी नर्सबाईनं पट्टीनं दोन्ही हात खाटेला बांधले, सलाईन निघत होतं म्हणून. तरी मनगटातल्या मनगटात ओढत राह्यली. लय जोर लावायची."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. ते उठून गॅलरीत गेले.

सहलीला श्रीकांत नवा स्वेटर घालून अंजनेरी चढला आणि नाक लाल करून परत आला. माघ सरत आला तेव्हा मालूताई घरी आल्या, अशक्त, केस कापलेले, पण हसत. मी स्वेटर त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी आधी पाठ बघितली, मग उजवी बाही, मग डावी. मनगटाशी आल्यावर बोटं थांबली.

"हे मीच केलंय."

"हो."

"कधी?"

"मला नाही माहीत, मालूताई."

त्यांनी मनगट ओढून बघितलं. "लय घट्ट झालंय. पोराचा हात कसा जायचा? आणा, उसवून देते."

"राहू द्या," मी म्हटलं. श्रीकांतही म्हणाला, "राहू द्या मावशी, मला जातो हात."

त्यांनी स्वेटरची घडी करून श्रीकांतच्या हातात दिली. पुढच्या हिवाळ्यात श्रीकांत वाढला तेव्हा उजवी बाही त्यांनीच उसवून लांबवली. डावीला त्यानं हात लावू दिला नाही. वर्गातली मुलं त्याला "दीड बाह्या" म्हणायची. तो म्हणायचा, माझ्या मावशीची फॅशन आहे.

मी पुष्कळ विचार केला आहे. डॉक्टर मैत्रिणीशी, नावं न घेता, बोलले आहे. आजोबांनी तर एकदा कपाटाचं मागचं पत्र्याचं पान काढून पाहिलं. काही सापडलं नाही, आणि आता सापडेल असं मला वाटत नाही. त्याचा त्रासही होत नाही.

आजोबा नाहीत, मालूताई नाहीत. ती इमारत पाडून तिथं उंच इमारत झाली आणि गच्चीला कुलूप असतं. स्वेटर तुमच्याकडे आहे. डाव्या बाहीचं मनगट अजून घट्ट आहे.

तुमची आजी