साहेबांसाठी सारवलेला खड्डा

आमच्या वस्तीची विहीर आमच्याच लोकांनी खोदलेली. बौद्ध झाल्यावर सासूबाईंनी पोटुशी असतानाही तिथली माती वाहिली. गावच्या विहिरीवर ताटकळायचं, कुणी वरून ओतेल तेवढंच घ्यायचं, ते तेव्हापासून संपलं. पुढं शेजारी सूत रंगवायचा एक कारखाना निघाला, चार वर्षांत बुडालाही. मालक गंजकी पिंपं आणि रंगाच्या चिखलानं भरलेला खड्डा मागं टाकून गेला. पावसाळ्यात तो झिरपला आणि विहिरीचं पाणी जांभळं झालं. पोरांच्या अंगावर फोड उठले. पुन्हा घागरी घेऊन गावच्या विहिरीवर जाणं आलं, ते सासूबाईंना फार लागलं.

गाव कर्नाटकात, आणि वस्तीत कन्नड लिहिता येणारी मी एकटी. मीच तालुक्याच्या कचेरीला अर्ज लिहिला: साहेबांनी येऊन खड्डा बघावा, विहीर बघावी. वर्षभर हेलपाटे घातल्यावर साहेब येणार असा निरोप आला आणि अख्खी वस्ती झाडू घेऊन उठली.

मी म्हटलं, "घाण दावायलाच तर बोलिवलंय. झाडून काढायची कामून?"

"पाव्हणा यायलाय," सासूबाई म्हणाल्या. "त्येला उकिरडा दावतेत व्हय? शिकलीस, पर अक्कल न्हाई."

दोन दिवस सगळे राबले. पिंपं ढकलत नेऊन बाभळीत लपवली. खड्ड्यात मुरूम भरून चोपला, शेणानं सारवला, वर रांगोळी काढली. विहीर उपसून तळाला आलेलं ताजं पाणी तेवढं ठेवलं. एवढा हुरूप वर्षभर कुठं गेला होता, असं मी विचारलंही. पण माझं ऐकतंय कोण!

साहेब आले, तशी गावातली माणसंही बघायला जमली. सावली पाहून शाळेतली खुर्ची नेमकी त्या सारवलेल्या जागेवर मांडली होती. हार झाला. साहेबांनी अर्ज काढून विचारलं, "खड्डा किधर है?"

सगळे खुर्चीच्या पायांकडं बघत राहिले. बसलेल्या पाहुण्याला उठा म्हणायचं कुणी? शेवटी मीच पुढं झाले, तेवढ्यात साहेबांनी पाणी मागितलं.

सासूबाईंनी तांब्या पुढं केला. पाणी सकाळीच गावच्या विहिरीवरून आणलेलं. पाहुण्याला आमच्या विहिरीचं कसं देणार? साहेबांनी तांब्या त्यांच्या हातून घेतला आणि तोंड लावून रिकामा केला. सरकारी माणूस, आमच्या हातचं पाणी, सगळ्या गावादेखत. सासूबाईंचे डोळे भरून आले.

"पानी तो अच्छा है," साहेब म्हणाले.

हे पाणी इथलं नाही, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. सासूबाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

महिन्यानं कागद आला. मी वाचून दाखवला: खड्डा आढळला नाही, विहिरीचं पाणी अधिकाऱ्यांनी स्वतः पिऊन पाहिलं, ते चांगलं आहे, अर्ज निकाली. विहीर तोवर पुन्हा जांभळी झाली होती.

"साहेब पाणी पिले, तेवढं पुन्यांदा वाच," सासूबाई म्हणाल्या.

मी वाचलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि घागर उचलून गावच्या विहिरीकडं निघाल्या.