राजीनामा नाही म्हणजे नाही!

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, बायांनो. मधेच कोणी फिसकन हसलं की माझा धागा तुटतो. आणि हा किस्सा मी इतकी वर्षं पदराच्या गाठीत बांधून ठेवला, तो काही उगाच नाही!

मी आयुष्यात कोणाला हार गेले नाही. सासूला नाही, तलाठ्याला नाही, एसटीच्या कंडक्टरला तर मुळीच नाही. पण एका चार अक्षरी शब्दानं मला वर्धेच्या भर वस्तीत, अकरा बायांच्या देखत असं काही लोळवलं, की काय सांगू!

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अक्षरं शिकले ती किराण्याच्या पुड्यांच्या कागदावरून. तुमचा 'अ' अननसातला, माझा 'अ' 'अल्पशा आजाराने निधन' मधला! पण शिकले, आणि अशी शिकले की सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत कोणाकडेही पत्र आलं की वाचायला माझ्याकडेच यायचं. रोज सकाळी ओट्यावर बसून मी पेपर मोठ्यानं वाचायचे. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. पेपरात दर दोन दिवसांनी कोणत्या ना कोणत्या मंत्र्याचा राजीनामा. हा शब्द तर मी झोपेतही वाचला असता. तिथंच घात झाला.

माझी धाकटी बहीण अनसूया. तिला एक अक्षर येत नाही. तिचा नवरा लवकर गेला. तिची एकुलती एक पोरगी शालू, हिला मास्तरीण करायचं असं मीच ठरवलं, आणि त्यासाठी अर्ध्या भाऊबंदांशी भांडले. शालूला नोकरी लागली ती वडनेरच्या शाळेत. लग्न झालं पवनारला. नवरा प्रभाकर, धाम नदीच्या काठावर त्याची भाजीची वाडी. पोरगा सोन्यासारखा, पण तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी. त्याच्या वाट्याची जीभ देवानं त्याच्या आईला दिली होती.

आता पवनार कुठं, वडनेर कुठं! वर्धेला एक एसटी, हिंगणघाटला दुसरी, पुढं तिसरी. रोज जाणं-येणं होईना, म्हणून शालूनं वडनेरला खोली घेतली. झालं! सासूबाई सुरू: "आमी सून आणली का मनीऑर्डर? फक्त सुटीच्या दिवशी येते!" शब्दानं शब्द वाढला, शालू रुसली, सुटीलाही आईकडेच यायला लागली. तिकडून निरोप आला की नांदायला येत नसशील तर कोर्टाची नोटीस पाठवतो. शालूही माझीच भाची! म्हणाली, "पाठवा. कोर्टातच भेटू."

मी काही घाबरत नाही, पण कोर्टाला घाबरते. कोर्टात गेलेलं नवरा-बायकोचं भांडण म्हणजे पाण्यात टाकलेलं मीठ. परत हाती लागत नाही.

वर्धेला एक म्हातारे वकील होते. आमचा मुलूख मध्यप्रांतात होता, कचेरीचे कागद हिंदीत चालायचे, त्या काळापासूनची त्यांची वकिली. भांडण कोर्टात नेण्यापेक्षा ते आपल्या ओसरीवरच मिटवायचे. दोन्ही पक्षांना एका सतरंजीवर बसवत, आणि आधीच बजावत, "देखो, माझा एकच कायदा. इथं बसून बोला, वाटलं तर भांडा. पण एकानंबी कोर्टाची पायरी चढली, की मी दोघाइचंही काम सोडतो. मग माह्या दारात यायचं नाई." शालू आणि प्रभाकर त्यांच्याकडे गेले, आणि दोघांनीही हे कबूल केलं.

पहिल्या बैठकीला मी होतेच. बोलावलं नव्हतं, पण माझ्याशिवाय होणार कसं? वकीलसाहेबांनी प्रभाकरला विचारलं, "तुमाले काय वाटते?" उत्तर मी दिलं. शालूला विचारलं, "तुमाले काय वाटते, बाई?" तेही मीच दिलं. सासूबाईंना त्यांनी काही विचारलंच नाही, तरी त्यांच्या वतीनंही दोन वाक्यं मी बोलून टाकली. वेळ वाचतो!

दुसऱ्या बैठकीला वकीलसाहेब अदबीनं म्हणाले, "मावशी, आमच्या घरची तुमची वाट पाहून राह्यली. जरा तांदूळ निवडू लागा ना तिले." मी आणि अनसूया आत बसलो. दोन सुपं तांदूळ झाले. आणि तेवढ्यात बाहेरून हसू आलं! शालूचं आणि प्रभाकरचं, एकदम. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

मी अनसूयाला कोपरानं ढोसलं. "पाह्य वं, माह्या बोलण्याचा असर!"

आठ दिवसांनी, सोमवारी, अनसूयाच्या नावानं वकीलसाहेबांचं कार्ड आलं. मी ओट्यावर बसून गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं: "प्रभाकरराव खुशीने राजी आहेत. आता शालिनीबाईंनी राजीनाम्यावर सही केली की मामला मिटला. मसुदा तयार आहे. बुधवारी सर्वांनी यावे."

माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. राजीनामा! पोरीला नोकरी सोडायला लावता? आणि वर हा खुशीने राजी?

अनसूयाचं तोंड मात्र फुललं. "मिटलं म्हणाव एकदाचं! ताई, राजीनामा म्हणजे चांगलंच ना वं? आमच्या मामंजीच्या धुऱ्याचा राजीनामा झालता, तवा पेढे वाटले होते."

धुरा म्हणजे शेताचा बांध. मी तिच्याकडे असं पाहिलं, की विचारू नका. "अन्सू, धुऱ्याले कोणती नोकरी होती वं? धुरा राजीनामा देते काय?"

"पण झालता ना..."

"तुले अक्षर तरी येते का? चूप बस!"

आणि ते कार्ड मी चुलीत घातलं. हो, घातलं! राग आला की माझ्या हाताला चूल जवळ पडते.

मंगळवारी तीन एसट्या बदलून वडनेर गाठलं. मधल्या सुटीत शालू शाळेच्या वऱ्हांड्यात आली. मला पाहून आधी हसली. मी सांगितलं आणि ते हसू माझ्या डोळ्यांसमोर विझलं.

"मावशी, नक्की नोकरीचाच राजीनामा लिहिलं होतं?"

"मले वाचता येत नाई काय?"

"कार्ड कुठं आहे?"

"चुलीत."

ती खाली पायरीवर बसली. खडूचे हात तसेच तोंडाला लावले. "अन् तेही राजी आहेत? मावशी, ते तर म्हणाले होते, बाजार झाला की मीच वडनेरले येत जाईन. मले खरं वाटलं वं."

खरं सांगते, तेव्हा माझं काळीज तुटलं. आणि माझं काळीज तुटलं की मी रडत नाही, मी मोर्चा काढते.

बुधवारी शालू रजा टाकून आली, आणि आमच्या भजनी मंडळाच्या अकरा बाया निघाल्या. टाळांसकट! वकीलसाहेबांच्या गल्लीच्या तोंडाशीच मी हात वर केला. "राजीनामा..." मागून अकरा बाया टाळाच्या ठेक्यावर: "नाही म्हणजे नाही!" लोक खिडक्यांत आले. एक सायकलवाला पाय टेकवून उभाच राहिला. अनसूया माझ्या मागून तेवढं पुटपुटत होती, "ताई, मले वाटते, काही तरी चुकून राह्यलं." पण टाळांत ऐकतं कोण?

ओसरीवर प्रभाकर नवा सदरा घालून बसलेला. शेजारी त्याची आई, मांडीवर पिशवी. पिशवीतून हिरव्या लुगड्याचा काठ डोकावत होता. म्हणजे बाई सुनेची ओटी भरायची तयारी करून आल्या होत्या! हे मला दिसलं. पण दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं.

"राजीनामा!"

"नाही म्हणजे नाही!"

प्रभाकरच्या चेहऱ्याचा रंगच गेला. त्याची आई उठली. "पाह्यलं, वकीलसाहेब? यायले मिटवाचंच नाई! आमी येडे, लुगडं घेऊन बसलो!"

आणि मग तो मुका पोरगा बोलला. "शालू, तुलेबी राजीनामा नको?"

"नको."

"बिलकुल नको?"

"बिलकुल नाई. तुमाले पाह्यजे होता, एवढंच माह्यासाठी पुरं झालं."

"हाव, मले पाह्यजे होता. त्याच्यासाठी मी देवाले नारळ बोललो होतो."

"माह्या राजीनाम्यासाठी नारळ?" शालूला हुंदकाच फुटला.

"ऐकलं का, बायांनो?" मी कडाडले. "पोरीच्या पोटावर पाय द्याले नारळ बोलला!"

"पोटावर कायचा पाय?" सासूबाई ओरडल्या. "आमी त् तिच्यासाठी पुरणाची डाळ भिजू घालून आलो!"

या गोंधळात कोणी काय ऐकलं आणि कोणाला काय कळलं, देव जाणे. वकीलसाहेबांनी चष्मा काढला, समोरच्या कागदाची घडी केली. "ठीक है. माझा कायदा तुमाले माहीत आहे. कोर्टात जाचं असल त् जा. मी आता कोणाचाच वकील नाई."

प्रभाकर चप्पल घालायला लागला. एक पाय चपलेत, एक बाहेर. नजर शालूवर. शालू भिंतीकडे तोंड करून उभी. वकीलसाहेबांची मेहनत, दोन माणसांचा संसार, सगळं त्या एका चपलेवर येऊन थांबलं होतं. आणि मी, जिनं हे घडवलं, ती मी टाळांना खूण करत होते, "वाजवा!"

वकीलसाहेब उठता उठता थकून म्हणाले, "मावशी, एक सांगा फक्त. राजीनामा नको, त् मग तुमाले पाह्यजे तरी काय?"

"पोरीची नोकरीबी राह्यली पाह्यजे, अन् नवराबी राह्यला पाह्यजे!"

"अरे, मग तेच त् लिहिलं आहे ना त्याच्यात!"

"कायच्यात?"

"राजीनाम्यात!"

टाळ थांबले. बाहेरचा सायकलवाला आत आला.

शालू वळली. मास्तरीणच ती, तिच्या डोक्यात आधी उजेड पडला. "वकीलसाहेब, तुमच्या भाषेत राजीनामा म्हणजे काय हो?"

"राजीनामा म्हणजे राजीनामा! दोन्ही पक्ष राजी, त्याचा नामा. आपसातला समझोता. कचेरीत पन्नास वर्षं हेच म्हणून राह्यलो आमी. तुमाले काय वाटलं?"

मग अनसूया बोलली. माझी अंगठाबहाद्दर बहीण! "मी सांगतलं होतं. धुऱ्याचाबी असाच झालता."

प्रभाकरनं चपलेतला पाय बाहेर काढला. शालू हसत होती की रडत होती, मला ठरवता येईना. लुगडं मळू नये म्हणून सासूबाईंनी ते पिशवीत परत नीट दडपलं, म्हणजे अजून द्यायचं होतं. आणि मी? मी काय करणार? माझ्यासारख्या बाईपुढं अशा वेळी एकच मार्ग असतो: आवाज वाढवणे.

"आणा तो कागद इकडं!" मी म्हटलं. "आता माझा कोणावर भरवसा नाई. मी सोता वाचणार, सगळ्याइच्या समोर!"

"मावशी, मी वाचतो," वकीलसाहेब घाईनं म्हणाले.

"नाई!"

"मावशी, मी वाचते," शालू कागदाला हात घालायला लागली. प्रभाकरनंही हात पुढं केला. तिघंही का घाबरलेत, तेव्हा मला कळलं नाही. मी कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि ओट्यावरच्या आवाजात सुरू केलं.

"अट एक. शालिनीबाई नोकरी करतील. प्रभाकरराव जवळच्या बदलीसाठी त्यांच्यासोबत खेटे घालतील." बाया म्हणाल्या, वा! "अट दोन. शनिवार-रविवार शालिनीबाई पवनारला. मधल्या वारी, बाजार झाल्यावर प्रभाकरराव वडनेरला." वा, वा! "अट तीन. सुनेला कोणी मनीऑर्डर म्हणणार नाही." सासूबाई खाली पाहून पुटपुटल्या, "म्हटलं होतं एकखेप."

मला आता चेव चढला होता. चौथी अट तर मी टाळावर म्हणावी तशी म्हटली: "अट चार. शालिनीबाईंच्या मावशींचा दोन्ही पक्ष पूर्ण मान राखतील. मात्र नवरा-बायकोच्या बोलण्यात मावशींनी... मधे... बोलू नये."

अकरा बाया, सायकलवाला, वकीलसाहेबांच्या घरची, सगळे माझ्याकडे. वाचायचं थांबावं, तर पुढची ओळ डोळ्यांसमोर, आणि शिकलेल्या माणसाला ओळ अर्धवट सोडवत नाही. वाचली. "ही अट उभयतांनी एकमताने मांडली आहे."

"नाराज नका होऊ, मावशी," वकीलसाहेब हळूच म्हणाले. "सहा महिन्यांत या दोघाइचं पहिल्यांदा याच गोष्टीवर एकमत झालं. हसले दोघंबी. तिथूनच त् गाडी पुढं सरकली."

म्हणजे तांदूळ निवडताना ऐकलेलं ते हसू! असर माझाच होता, खोटं नाही.

शालूनं सही केली, प्रभाकरनं केली, सासूबाईंनी अंगठा दिला. साक्षीदार म्हणून मी केली, चांगली ठळक. लुगड्याची घडी उलगडली, ओटी भरायची वेळ आली, आणि प्रभाकर शालूला काही तरी पुसत होता, अगदी हळू आवाजात. मला वाटलं, हा पुन्हा अर्धवट बोलणार. म्हणून मी पुढं झाले आणि म्हटलं, "जावईबापू, मी काय म्हणते..."

मागून कोणीतरी माझा पदर ओढला. अनसूया होती. जिला एक अक्षर येत नाही, ती.

"ताई," ती म्हणाली, "चार नंबर."