भोयर मॅडम मागच्या बाकावर

भोयर मॅडम स्टाफरूममध्ये कुणाच्या खुर्चीजवळ येऊन "उद्या तुमच्या तासाले मागं बसू काय?" असं विचारायच्या, तेव्हा त्या प्राध्यापकाला हमखास दुसऱ्या दिवशीची रजा आठवायची. एकाने सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असल्याचं सांगितलं. त्याच संध्याकाळी त्या सासूबाई मॅडमना बाजारात वांगी निवडताना भेटल्या. मॅडमनी तब्येत विचारली आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत ती चांगली असल्याचं कळवलं.

मौद्याकडच्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांनी प्राचार्यांपुढे एक साधी कल्पना मांडली. प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा एकमेकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि शिकवणाऱ्याकडे न बघता मुलांकडे बघायचं. कोण लिहितंय, कोण विचारतंय, कोणाचं लक्ष कितव्या मिनिटाला खिडकीबाहेर गेलं, एवढं टिपायचं. मग दोघांनी चहा घेत बोलायचं. बाहेरचा वक्ता नाही, बॅनर नाही, प्रमाणपत्र नाही.

प्रमाणपत्र नाही हे ऐकल्यावर निम्मे लोक तिथेच गळाले, कारण पदोन्नतीच्या फायलीला चहा लावता येत नाही. उरलेल्यांना वाणिज्यच्या देशकर सरांनी आवरलं. "आता वर्गात पण पोलीस बसवून राहिले," ते म्हणाले, आणि मॅडमचं नाव काही दिवस 'ठाणेदारीण' पडलं. प्राचार्यांनी मधला मार्ग काढला. मॅडम निवृत्त होण्याआधी चार प्राध्यापक तयार झाले तर ही पद्धत पुढे चालेल, नाही तर त्यांच्याबरोबर संपेल. मॅडमना ते चार जण मिळवायचे होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी संस्थेकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

मी शिक्षक-प्रशिक्षणाचा समन्वयक होतो. माझा विषय सांख्यिकी, आणि दुर्दैवाने स्वभावही तोच. नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या घरात गॅसचं सिलिंडर किती दिवस चाललं याची नोंद मी कॅलेंडरवर ठेवतो. पाहुणे येऊन गेल्यावर सरासरी घसरली तर बायकोला सांगतो, आणि तिने उत्तर का दिलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं. कार्यशाळांचंही मी तसंच करायचो. प्रत्येक सत्राला पाचपैकी गुण, सरासरी, आलेख. मॅडमच्या कल्पनेत सरासरी काढण्यासारखं काही दिसत नव्हतं, म्हणून मी ती मनावर घेतली नव्हती.

त्या वर्षीच्या कार्यशाळेनंतर मी सभेत अहवाल वाचला. सकाळच्या सत्राला चार पूर्णांक तीन, दुपारच्या सत्राला चार पूर्णांक सहा. यावरून प्राध्यापकांना दुपारची सत्रं अधिक उपयुक्त वाटतात, तरी पुढील वर्षी ती वाढवावीत, अशी शिफारसही केली. कुणी हरकत घेतली नाही. सभा संपल्यावर मॅडम थांबल्या.

"सर, दुपारच्या सत्राले चार पूर्णांक सहा भेटले म्हणता. पण वक्ता तर आलाच नव्हता न जी?"

खरंच आला नव्हता. येत नसल्याचा त्यांचा निरोप जेवणाच्या वेळी आला होता आणि आम्ही सगळे पुढच्याच बसने नागपूरला परतलो होतो. पण आमच्याकडे अभिप्रायाचे फॉर्म सकाळीच हजेरीबरोबर भरून घ्यायची पद्धत होती, कारण संध्याकाळी बसच्या घाईत कुणी थांबत नाही. ती पद्धत मीच सुरू केलेली. मी फॉर्म काढून पाहिले. माझ्या स्वतःच्या फॉर्मवर दुपारच्या सत्रापुढे पाच गुण होते आणि 'विवेचन प्रभावी' असा शेरा होता.

"नाही, आकडा बरोबरच असन," मॅडम म्हणाल्या. "न आलेला माणूसच आपल्या लोकांले जास्त आवडला असन."

मी त्यांना विनवलं, कुठे बोलू नका. त्या म्हणाल्या, "मी काहून बोलू? आकडा तुमचा हाय. सांगायचा तं तुमीच सांगा." आणि मग त्यांनी त्यांचा तो नेहमीचा प्रश्न विचारला. मला रजा आठवेना.

खरं सांगतो, भीती फार नव्हती. शिकवणं आपल्याला जमतं अशी माझी बावीस वर्षांची खात्री होती. प्रमाण विचलन हा तर माझा हातखंडा विषय. तास झाल्यावर मॅडमनी प्रात्यक्षिक वहीचा एक कागद दिला. त्यावर मत असं काहीच नव्हतं. प्रश्न एकोणीस. उत्तरं सरांची अठरा. प्रश्नानंतर थांबले सुमारे दोन सेकंद.

मी चिडलो. मोजण्यात चूक असणार म्हणून पुढचा तास फोनवर ध्वनिमुद्रित केला आणि घरी घड्याळ लावून ऐकला. प्रश्न एकवीस. उत्तरं माझी वीस. एकविसावं एका मुलीचं होतं आणि ते "हो सर" एवढंच होतं. थांबण्याचा सरासरी काळ एक पूर्णांक चार सेकंद. मॅडमनी मला सवलत दिली होती. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती म्हणाली, घरीही एवढाच वेळ देता.

हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसतील असं वाटलं होतं. पण म्हणाल्या, "मले सव्वीसाव्या वर्षी समजलं. तुमी चार वर्षं पुढं हाय." मग मी त्यांच्या तासाला जाऊन बसलो. त्यांनी एक पान हातात धरून प्रश्न विचारला आणि गप्प राहिल्या. अकरा सेकंद. उत्तर माझ्याच तोंडात आलं, आणि ते चुकीचं होतं. नंतर एक मुलगा बोलला, मग दुसऱ्याने त्याला खोडलं. दुसरा प्रश्न मात्र साफ पडला, पंधरा सेकंदांनंतरही कुणी बोललं नाही. "हेबी लिहा," त्यांनी मागे बघून सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या सभेत हा विषय पुन्हा आला. चारपैकी एकच प्राध्यापक तयार होता, मी. प्राचार्य विषय संपवायला लागले तेव्हा मी उभा राहिलो. न आलेल्या वक्त्याचे चार पूर्णांक सहा सांगितले, माझे पाच सांगितले आणि मग एक पूर्णांक चार सेकंद सांगितले. सभागृह हसलं, सर्वांत मोठ्याने देशकर सर. मला वाटलं, आता तरी तीन हात वर होतील. एकही झाला नाही. पद्धत कागदोपत्री तिथेच संपली.

निरोपाच्या दिवशी मी मॅडमची माफी मागितली. त्यांनी शाल घडी करून पिशवीत ठेवली. "सुरू केलं तवा मी एकटी होती," त्या म्हणाल्या. "आता दोघं हाय. तुमच्या हिशेबानं दुप्पट झाले न जी?"

त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. मॅडम प्रताप नगरात लेकीजवळ राहतात. गेल्या महिन्यात बस स्टॉपवर देशकर सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "गुरुवारी माझ्या तासाले येऊन बसता काय? पण कोणाले सांगू नका."

मी बसलो. सगळं मोजलं. संध्याकाळी मॅडमना फोन केला आणि आकडे सांगायला लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मले नका सांगू. त्यांलेबी आपणहून सांगू नका. ते विचारतीन, तवा सांगा."

आज बारावा दिवस आहे. देशकर सर रोज भेटतात, चहाही देतात, आणि भलत्याच विषयावर बोलतात. कागद माझ्या खिशात आहे. आकडे पाठ झाले आहेत. मी गप्प आहे.