इथेलच्या धनुष्यातले अकरा आवाज

मला लिहिण्याची सवय नाही. पाद्रीबाबांनी अक्षरं शिकवली ती पुरलेल्यांची नावं टिपण्यापुरती. पण इथेलबद्दल दुसरं कोण लिहिणार? आमच्या वेल्समधल्या या गावात त्याने चाळीस वर्षं धनुष्यं घडवली. धनुष्याला यूइतकं चिवट लाकूड दुसरं नाही, पण चर्चच्या आवारातल्या यूच्या झाडाला त्याने कधी हात लावला नाही.

त्या वसंतात त्याचा मुलगा मॅडॉग तिरंदाज म्हणून लढाईला निघाला. घरात मुरलेलं यूचं लाकूड एकच होतं, वादळात पडलेली त्याच झाडाची फांदी. महामारीत मेलेल्यांच्या खड्ड्यावर ती ओणवलेली असायची. इथेलची बायको ग्वेन त्याच खड्ड्यात आहे.

नाइलाजाने त्याने फांदी घेतली. धनुष्याच्या पाठीला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, पांढरं लाकूड; पोटाला, म्हणजे तिरंदाजाकडच्या बाजूला, लाल गाभा. पांढऱ्यातलं एकेका वर्षाचं वलय सोलत तो केसाएवढ्या बारीक वलयाशी आला. बोटाने वर्षं मोजली. महामारीचं साल. आणखी सोललं असतं तर पांढरं उरलंच नसतं, म्हणून तो तिथेच थांबला.

दोरी चढवून ओढली, तसं लाकडात टक् झालं. आतला तंतू तुटला की असा आवाज येतो, आणि असं धनुष्य तिरंदाजाच्या तोंडावर फुटतं. इथेलने बोट फिरवलं. तडा कुठेच नव्हता. पुन्हा ओढलं, पुन्हा टक्. अकरा वेळा. मग शांत.

"बाबा, तुमचेच गुडघे वाजत असतील," मॅडॉग हसला.

"गप रे. योरवर्थ, त्या खड्ड्यात किती जण?"

"अकरा," मी म्हणालो. "मीच खणलाय ना तो."

"बारा. ग्वेन पोटुशी होती."

मॅडॉगने धनुष्यावरचा हात काढला.

"एक वाजायचा राहिलाय," इथेल म्हणाला. "तो तुझ्या तोंडाशी नको."

"एल्मच्या हलक्या लाकडाचं काटकूळ घेऊन गेलो तर सगळे दात काढतील!"

"काढू देत. दातच काढतील ना?"

मॅडॉग चिडून एल्मचं धनुष्य घेऊन गेला.

कापणीच्या दिवसांत, भर दुपारी, मी इथेलकडे बसलो होतो. दोरी उतरवलेलं ते धनुष्य खुंटीवर होतं. कोणी शिवलंही नव्हतं. टक्.

माझा पेला हिंदकळला. इथेलने धनुष्य उतरवून मला दाखवलं. मुठीच्या वर, त्याच बारीक वलयात, तडा गेला होता.

पानगळीत मॅडॉग धडधाकट परतला. इथेलने ग्वेनची शाल त्याच्या हातात दिली. त्याने धनुष्य तिच्यात गुंडाळलं. मी कुदळ घेतली.

"लांब खण," इथेल म्हणाला. "पण खोल नको. लेकरू आहे."

नोंदवहीत काय नाव लिहावं, ते मला अजून सुचलेलं नाही.