कुंदाची कांडी

या, जरा जवळ सरकून बसा. आणि आधी रागावून घेते हं... इथले किस्से वाचून घाबरायचं, रात्रभर दिवा चालू ठेवायचा, आणि सकाळी परत, ‘काकू, अजून एखादा भयानक सांगा ना!’ काय म्हणावं तुम्हाला! माझ्या अनुभवात पिंपळ नाही, पांढरी साडी नाही. भरदुपारी घडलंय, मुलुंड ईस्टला, आमच्या घराच्या बंद केलेल्या गॅलरीत.

मी या असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाईच नव्हे. माझं कामच तसं. मीटरवरचा आकडा हलला की त्याला कारण असतं. आत बुडबुडा अडकला असेल, वायर सैल असेल, नाहीतर आपण हात नीट धुतले नसतील. याच्या पलीकडचं कारण मी कधी पाहिलंच नव्हतं.

काम काय, ते सांगते. इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात मी आणि माझी मैत्रीण कुंदा शेजारी शेजारी बसून इलेक्ट्रोड बनवायचो. पाण्यात कुठला क्षार किती विरघळलाय ते ओळखणारे. काचेची नळी तापवायची, अलगद ओढायची, टोक केसाहून बारीक झालं पाहिजे. त्या टोकाला एक पातळ पापुद्रा बसवायचा, आत पाणी भरायचं, चांदीची तार सोडायची. पापुद्रा पोटॅशियमचा असेल तर ती फक्त पोटॅशियमलाच ओळखते, बाकी कुणाला दारात उभं करत नाही. आम्ही दोघी दहावीपर्यंत शिकलेल्या, सगळं करता करता आलं. इलेक्ट्रोड म्हणायला जीभ वळायची नाही तेव्हा आम्ही तिला कांडी म्हणायला लागलो, मग मालकही कांडीच म्हणायला लागले!

दसऱ्याला गाळ्यात हत्यारांची पूजा व्हायची. त्या दिवशी प्रत्येकीनं एक कांडी करून पूजेत ठेवायची, आणि ती विकायची नाही, असा आमचा रिवाज. गाळा बंद झाला त्या वर्षीच्या दसऱ्याला कुंदा मला म्हणाली, “माझी तू ठेव गो, तुझी मी ठेवतंय.” ती मूळची मालवणची. तिची कांडी करताना नळी तडकून तिच्या बोटात काच गेली होती, मला आठवतंय. बोट तोंडात घालून तशीच बसली पूर्ण करायला. तिनं पोटॅशियमची केली, मीही पोटॅशियमचीच.

अशी बारीक कांडी काही महिने चालते, मग पापुद्रा दमतो. कुंदाची मात्र अजून ठणठणीत. हेही खरं तर विचित्रच, पण तेव्हा मी म्हणायचे, कुंदाचा हात आहे तो!

मी अजूनही घरी गॅलरीत थोड्या कांड्या करते, एका कॉलेजच्या लॅबला लागतात. त्या दुपारी नव्या कांड्या तपासण्यासाठी मीटर लावला होता. सवयीनं कुंदाची आणि माझी एक, अशा दोन्ही एकाच पाण्यात सोडल्या. ठरावीक पोटॅशियम घातलेलं पाणी, म्हणजे दोन्हींचा आकडा जागेवर उभा राहायला हवा. माझी राहिली. कुंदाची वर चढायला लागली... हळूहळू, जिना चढल्यासारखी.

मी टिचकी मारून बुडबुडा पाहिला. नव्हता. पाणी बदललं. तार बदलली. दोन्हींच्या वायरी मीटरला अदलाबदल करून लावल्या. चढणं काही थांबेना, आणि ते कुंदाच्याच कांडीबरोबर फिरत होतं. आमचा नीलेश सुट्टी म्हणून घरी होता. डोकावून म्हणाला, “आई, ड्रिफ्ट आहे, आकडा आपोआप सरकतोय. जुनी झाली, टाकून दे.”

“टाकून काय दे! तुला टाकू का?” मी म्हटलं, आणि लावला फोन कुंदाला. भांडायलाच.

“काय गो, जेवणाच्या वेळेक?”

“तुझी कांडी बघ काय नखरे करतेय! वर वर चाललीय. काय भरून ठेवलंयस हिच्यात?”

एरवी ती म्हणाली असती, तुझाच मीटर फुटलाय, माझ्या कांडीला नावं ठेवू नको. पण आज अगदी बारीक आवाजात म्हणाली, “सुले, हातपाय जड झालेत गो. मघाशी तांब्या उचलवेना.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“माका काय होतला! उन्हाचं असेल. शहाळी पितेय ना रोज.”

शहाळी! माझी नजर मीटरवर. आकडा अजून चढतोय... कुंदाचं ब्लड प्रेशर जुनं, आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिची किडनी जरा कमजोर आहे म्हणून सांगितलेलं.

“कुंदा, मीठ कुठलं खातेस तू?”

“ता नवीन. कमी सोडियमवाला.”

आता तुम्हीच सांगा, सोडियम कमी करून त्यात घालतात काय? पोटॅशियम! तीच पांढरी पावडर, जी आम्ही दोघींनी आयुष्यभर तोलली. शहाळ्यात, केळ्यातही तेच भरलेलं. किडनी धड असेल तर बाहेर टाकते, नसेल तर ते रक्तात साठतं आणि एक दिवस हृदयच अडखळतं.

“मानसीला दे.” मानसी तिची सून.

“काकू, त्यांना फक्त थकवा आहे हो, दुपारी झोपल्या की...”

“मानसी, झोपू देऊ नकोस. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. डॉक्टरांना सांग, पोटॅशियम तपासा. कशावरून ते मला विचारू नकोस, बाळा.”

पोरगी गुणी. विचारलं नाही.

मी मीटर तसाच चालू ठेवला, रिक्षा पकडली आणि लिंक रोडनं कांदिवली गाठली, कुंदाच्या घराजवळचं हॉस्पिटल. रस्ताभर एकच चाललेलं डोक्यात, कुंदे, पोचेपर्यंत थांब गं. पोचले तर तिला आत नेलेलं. मानसी रडत होती. रिपोर्टमध्ये पोटॅशियम भयंकर वाढलेलं, हृदयाची ती ईसीजीची पट्टी बिघडलेली. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. आम्ही बाकावर एकमेकींचे हात धरून बसलो.

तेवढ्यात नीलेशचा फोन. “आई, तुझी ती कांडी... खाली यायला लागलीय.”

तेव्हाच नर्स बाहेर येऊन म्हणाली, “पेशंटच्या ठोक्यांत सुधारणा आहे.”

काटा आला अंगावर. लिहितानाही येतोय.

दुसऱ्या दिवशी कुंदा उशीला टेकून बसली होती. मी चांगली झापली. “अगं, तुला कळू नये? तुला?”

तर मला म्हणते, “सोडियम नको म्हणाले डॉक्टर. पोटॅशियमाचं कोण काय बोललं? मी म्हटलं, जन्मभर ज्याच्या कांड्या केल्या तो तर आपल्या घरचा. तो काय करतला!”

रडू की हसू, मला समजेना.

नंतर ती कांडी लॅबच्या मॅडमनी नेऊन तपासली. म्हणाल्या, काकू, उत्तम चालतेय, काही दोष नाही. नीलेश म्हणतो, योगायोग. असेलही... पण गेल्या महिन्यात आकडा पुन्हा जरासा हलला. लावला फोन.

“कुंदा, काय खाल्लंस?”

“काय नाय गो.”

“खरं सांग.”

“...केळा. एकच.”

“कुंदाऽऽ!”

“बरा, दोन!”

का होतं, कसं होतं, मला आजही माहीत नाही. कांदिवलीतली बाई आणि मुलुंडच्या गॅलरीतली काच, मध्ये अख्खं जंगल. तुमच्यापैकी कुणाला उलगडा झाला तर जरूर लिहा.

एक मात्र खरं सांगते. हल्ली मीटर लावायची भीती वाटते. आकडा चढला तर? आणि एखाद दिवशी तो कायमचाच खाली पडून राहिला तर? नीलेशला कळत नाही मी बटण दाबण्याआधी का थांबते ते.

कुंदे, मानसी तुला हे वाचून दाखवणारच. तेव्हा ऐक, आता बरी झालीयस, तर रविवारी ये. मानसीला घेऊन रिक्षानं ये, भाकरी आणि बिनमिठाची भाजी करून ठेवते, कुरकुर न करता खायची. तू समोर बसलीस ना, की मी मीटर बंद करते. तेवढ्या वेळापुरती मला त्याची गरज नसते. लवकर ये गं.