सयाजीच्या यादीतला दहावा नंबर

विट्याच्या सयाजीनं आयुष्यात कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात खरी मानली नाही. भाजीवालीनं गवारी कवळी आहे म्हटलं, की हा एक शेंग मोडून बघणार. डॉक्टरांनी बीपी ठीक आहे म्हटलं, की दुसऱ्या दंडाला पट्टा बांधायला लावणार. लग्नात संयोगितानं उखाणा घेतला, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि नवरदेव शेजारच्याला विचारत होता, "हिनं सोता रचलाय का कुणाचा उचललाय?" संयोगिता हे अजून विसरलेली नाही, आणि तिनं विसरावं तरी का?

सगळाच दोष त्याचा नव्हता म्हणा. माणूस गलाईच्या धंद्यात वाढलेला. जुने दागिने वितळवायचे आणि त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हे काम. त्यापायी विट्याच्या आसपासची माणसं पार देशभर पांगली आहेत. सयाजी आणि त्याचा चुलतभाऊ पृथ्वीराज अठराव्या वर्षी गुवाहाटीला गेले, आधी एका सोयऱ्याच्या हाताखाली राबले आणि मग भागीत स्वतःचं दुकान घातलं. या धंद्यात समोर आलेली वस्तू आधी खोटीच धरायची. बांगडी कितीही पिवळीधमक दिसो, ती कापायची, घासायची, तिचा टंच काढायचा, म्हणजे शंभरात खरं सोनं किती ते ठरवायचं, आणि मग तोंड उघडायचं. वीस-बावीस वर्षं हे केलं की माणूस उखाण्याचाही टंच काढायला लागतो.

अशा माणसाला पंक रॉकचं वेड लागलं ते दुकानाच्या वरच्या मजल्यामुळं. तिथं कॉलेजची चार पोरं राहत आणि संध्याकाळी गिटार बडवत. पहिले काही दिवस सयाजीला वाटलं, वर मारामारी चाललीय. एकदा तो हातात चिमटा घेऊनच मिटवायला गेला आणि दारातच बसून राहिला. तीन सूर, दोन मिनिटं, जे म्हणायचं ते ओरडून मोकळं व्हायचं आणि थांबायचं. ह्यात भेसळीला जागाच नाही, असं त्याच्या मनात आलं. पुढच्या आठवड्यात त्यानं पृथ्वीराजला वर नेलं. त्यानंतर खाली भट्टी आणि वर पंक, अशी दोघांची वर्षं गेली. नवी कॅसेट आली की दोघं भांडून तिचा टंच ठरवत. पृथ्वीराज तर त्या पोरांकडून गिटारही शिकला.

बारा वर्षांपूर्वी सयाजी विट्याला कायमचा परत आला. का आला, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. "गुवाहाटीची हवा मानवत न्हाई," एवढंच म्हणायचा, आणि ते अर्थातच खोटं होतं. त्याच डिसेंबरात त्यानं पहिली यादी लिहिली: सरत्या वर्षात निघालेल्या नव्या पंकमधले ऐकण्यासारखे दहा आल्बम. आता त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपात एक्केचाळीस माणसं आहेत. कोइमतूर, आग्रा, सिलिगुडीचे गलाईवाले, दोन फौजी, कराडची एक मास्तरीण आणि सांगलीचा पारस. एकतीस डिसेंबरला दुपारी यादी पडते आणि लोक वाट बघत असतात.

यादीची भाषा सयाजीची. "नंबर चार. इंडोनेशियातल्या बांडुंगच्या तिघी बहिणी. आल्बम सतरा मिनिटांचा. धाकटी ड्रम असं वाजवती की घरातली भांडी मोजून घ्यावीत. टंच ब्याण्णव." किंवा, "नंबर सात. चेन्नईची पोरं, नाव टिफिन बॉम्ब. पयली चार गाणी लय भारी, पाचव्यात प्रेमात पडल्यात. एकोणऐंशी." नियम दोन. तीनदा ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. आणि ओळखीच्या माणसाचं काही यादीत घ्यायचं नाही, कारण ओळख निघाली की हात हलका पडतो.

गेल्या वर्षी मात्र हा माणूस तोंडघशी पडला. फिनलंडच्या खाणकामगारांचा म्हणून एक आल्बम त्यानं पहिल्या नंबरावर ठेवला, टंच अठ्ठ्याण्णव देऊन. दहा दिवसांनी कळलं की खाण नाही, कामगार नाहीत, सगळं संगणकानं बनवलेलं. पारसनं ग्रुपात लिहिलं, "सयाजीराव, ह्या कामगारांचा पीएफ कोण भरतंय?" पुढं वर्षभर हे चालू. शेवटी भडकून सयाजीनं जाहीर करून टाकलं, "औंदा परत फसलो तर यादी बंद. कायमची." बोलून गेला आणि मग त्याला झोप लागेना, कारण यादी गेली तर त्याच्याकडं दुसरं काय होतं? शेती वाटेकऱ्याकडं, पोरगी पुण्यात. वर्षभर तो त्या एका दुपारसाठी जगायचा.

यंदा नऊ नंबर ठरले होते. वीस डिसेंबरला अनोळखी नंबरावरून चार गाणी आली. बँडचं नाव झाडलोट. गाणी मराठीत, सगळी मिळून नऊ मिनिटांची. खाली एवढंच, "ऐका. राणी."

सयाजीनं ऐकलं आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गाणी चांगली होती, आणि तीच तर अडचण होती. मराठीत असली पंक आजवर कुणी पाठवली नव्हती. गिटारच्या गदारोळात शब्द नीट लागत नव्हते. दुसऱ्या गाण्यात कुणी बाप्या "उलट, उलट" असं ओरडत होता. सरकार उलटवायचं असेल, असं सयाजीनं धरलं. पंकवाल्यांना ते कायमच उलटवायचं असतं. त्याच गाण्याच्या सुरुवातीला ड्रमवाला तीन ठोके देत होता. दोन लगोलग आणि तिसरा उशिरा. असे ठोके कुठला ड्रमवाला देतो? मशीनच चुकलं असणार, दुसरं काय. आणि तरी पाचव्यांदा ऐकताना त्यानं वहीत सत्त्याण्णव लिहिलं होतं, ते खोडलं आणि परत लिहिलं.

त्यानं राणीला विचारलं, "तुमी कोण? कुटलं? फोटो पाठवा."

उत्तर आलं, "गाणं आवडलं का ते सांगा. फोटोचं काय करताय?"

"बगितलंस?" सयाजी संयोगिताला म्हणाला. "फोटो न्हाई. म्हंजे माणसंच न्हाईत. पारसनं लावलेला सापळा हाय ह्यो. मी यादीत घालणार, मग त्यो ग्रुपात हसणार."

"आवं, त्यो हळदीचा यापारी. त्येला दुसरं काम न्हाई व्हय?"

"तू गप. कुटंतरी पाणी मुरतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारची एसटी धरून तो सांगलीला गेला. पारसचं हळदीचं दुकान, मागं गोदाम. सयाजी पोचला तेव्हा पारस जेवत होता, कारण दिवस मावळायच्या आत त्याचं जेवण उरकलेलं असतं. सयाजीनं नमस्कार न करता विचारलं, "राणी कोण?"

पारसनं घास खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं आणि मग त्याचा चेहरा उतरला. "सयाजीराव, मी चेष्टा करतो. तोंडावर करतो. पण दुसऱ्याच्या नावानं गाणी बनवून तुमाला फसवीन, असं वाटलं तुमाला? दहा वर्सं वळकताय मला." त्याला खरंच लागलं होतं. सयाजीलाही ते दिसलं, पण त्याच्या तोंडून नेहमीचंच निघालं, "मग शपथ घे."

"शपथ न्हाई घेत. गाणी लावा हिकडं."

गोदामात पोत्यांच्या थप्प्यांमध्ये पारसनं मोठे स्पीकर बसवले होते. हळदीला पंक मानवते, असं तो सांगायचा. पहिलं गाणं झालं. दुसरं सुरू झालं. ठक ठक… ठक.

सयाजी पोत्यावर बसला होता, तो उठून उभा राहिला. "परत लाव."

ठक ठक… ठक. फोनच्या डबड्या आवाजात जे ड्रमची काडी वाटलं होतं, ते ड्रमचं नव्हतंच. वितळलेलं सोनं साच्यात ओतून झालं, की मुशीला, म्हणजे वितळवायच्या भांड्याला, चिकटलेला शेवटचा थेंब पडावा म्हणून तिच्या काठावर चिमट्यानं ठोकतात. प्रत्येक गलाईवाल्याची ठोकायची तऱ्हा वेगळी. दोनदा ठोकायचं, वाकून थेंब पडला का बघायचं आणि मग तिसरा ठोका द्यायचा, अशी तऱ्हा सयाजीनं एकाच माणसाची बघितली होती, बावीस वर्षं, रोज.

मग शब्दही स्वच्छ ऐकू आले.

*खिसं उलट! खिसं उलट!*
*काय गावलं? पेपरमिंट!*

"भारी हाय की," पारस म्हणाला. "कुणावर हाय ह्ये?"

सयाजीनं हात पुढं करून गाणं बंद केलं.

गलाईच्या दुकानात रीत असते. संध्याकाळी घरी जाताना कामगारानं घमेल्यात हात धुवायचे, कपडे झटकायचे, खिसे उलटे करून दाखवायचे. सोन्याचा कण नखातूनही जातो. धुतलेलं पाणी आणि जमिनीची झाडलोटसुद्धा डब्यात साठवतात, त्यातूनही सोनं निघतं. ही रीत कामगारांसाठी. मालकाला कुणी खिसे दाखव म्हणत नाही. बारा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या पाटलीचा तुकडा कमी भरला. दुकानात चौघंच होती. दोघा कामगारांचे खिसे बघून झाले, आणि सयाजी पृथ्वीराजकडं वळून त्यांच्यादेखत म्हणाला, "तूबी खिसं उलट." पृथ्वीराजनं उलटले. बसचं तिकीट निघालं आणि एक पेपरमिंट. दुसऱ्या दिवशी तो तुकडा भट्टीच्या राखेत सापडला. पृथ्वीराज एक शब्द बोलला नाही. सयाजीही "चुकलं" म्हणाला नाही. आठवड्यानं सयाजीनं आपला भाग सोडला आणि रेल्वेत बसला.

सांगलीच्या स्टँडवरून त्यानं राणीचा नंबर फिरवला. "तू पिरथ्याची पोरगी का?"

"व्हय काका. मी बेस वाजवते. ड्रमला वरच्या खोलीतले जुने दादा हायत. बाबांना सांगू नका मी पाठवलं म्हणून." मग ती म्हणाली, "बाबा दरवर्षी तुमची यादी मागवून घेत्यात. आग्ऱ्याचे काका पाठवत्यात त्यांना. दहाच्या दहा ऐकत्यात आणि तुमच्या टंचावर भांडत बसत्यात, एकट्यानंच."

पुढचे दहा दिवस सयाजी ती गाणी लावायचा आणि अर्ध्यात बंद करायचा. संशयानं शेवटपर्यंत पाठ सोडली नाही. पोरीनं आपल्या मनानं पाठवलं, का बापानं पाठवायला लावलं? पहिला नंबर घ्यायचा आणि मग एक्केचाळीस माणसांत सांगायचं, की बघा, हे गाणं कुणावर आहे? असा बदला त्यानं स्वतः नक्की घेतला असता. त्याला राग आला, मग लाज वाटली, मग परत राग आला. नऊच नंबरांची यादी पाठवून मोकळं व्हावं, असंही एकदा ठरवलं. नियम होताच: ओळखीच्याचं घ्यायचं नाही. किती सोयीचा नियम.

पण वही उघडली की पहिली यादी समोर यायची. ती त्यानं लिहिली तेव्हा ग्रुप नव्हता, पारस नव्हता. दहा आल्बम ऐकून झाले होते आणि भांडायला माणूस नव्हता, म्हणून कागदावर लिहून काढलं होतं. बारा वर्षं तो ज्याला यादी सांगत होता तो एकच माणूस होता, आणि त्या माणसानं ग्रुपात पडलेली प्रत्येक यादी ऐकली होती.

एकतीस तारखेला दुपारी यादी पडली. खालचे नऊ नंबर नेहमीसारखे. आणि वर:

"नंबर एक. झाडलोट, गुवाहाटी. चार गाणी, नऊ मिनिटं. गिटार आणि आवाज माझा चुलतभाऊ पृथ्वीराज. नियम मोडून घेतोय. दुसरं गाणं माज्यावर हाय. खिसं मी उलटायला लावलं, कामगारांम्होरं. त्येच्याकडं पेपरमिंट निघालं, बाकी काय न्हाई. चूक माजी. बारा वर्सांनी सांगतोय. टंच काढलेला न्हाई."

कराडच्या मास्तरीणबाईंनी हात जोडलेले पाठवले. पारसनं काहीच चेष्टा केली नाही. चारच्या सुमाराला फोन वाजला. नंबर सेव्ह नव्हता, पण पाठ होता.

"सया."

"बोल."

"यादी वाचली. राणीच्या कानाखाली वाजवणार हाय आज." मागं भट्टीचा पंखा घुमत होता. "सगळ्यांचा टंच काढलास. माजाच का न्हाई काढला?"

सयाजीनं यादीची वही मिटली. मग म्हणाला, "तुजा कवाच काढायचा नव्हता रं."

फोन कट झाला का, म्हणून सयाजीनं दोनदा बघितलं.

"संक्रांतीला ये, हितल्या माघ बिहूला," पृथ्वीराज शेवटी म्हणाला. "दारातच तुजं खिसं बगणार हाय मी. सगळ्या कामगारांम्होरं."

"बग," सयाजी म्हणाला.

दहा जानेवारीला त्याची गाडी होती. संयोगितानं बॅग भरली, डबा दिला, मफलर दिला. नवा सदरा घालून निघालेला माणूस स्टँडवर जाता जाता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात थांबला. त्यानं पेपरमिंटची एक पुडी घेतली, त्यातलं एकही चाखून बघितलं नाही, आणि ती सदऱ्याच्या खिशात टाकली.