आतोबांची शहाबादी फरशी

धुळीशी ज्याने उभा दावा मांडला असा माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आतोबा म्हणून आला. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांची सगळी हयात ठाण्याच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेली. तिथे साहेबाच्या खोलीत गुळगुळीत दगडी फरशी होती, आणि कागद घेऊन आत गेलं की आपण साहेबाकडे कमी आणि फरशीकडे जास्त पाहत होतो, असं तेच सांगत. पेन्शन झाल्यावर ते कल्याणात आमच्या शेजारच्या घरात राहायला आले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात आगगाडीने शहाबादी दगड मागवून त्यांनी ओसरी आणि माजघर फरसबंद करून टाकलं. आमच्या आळीत तेव्हा झाडून सगळ्या जमिनी शेणाने सारवलेल्या. आत्याने हात जोडून सांगितलं, "अहो, जमीन बिघडली तर सारवता येते, दगडाला काय करणार?" पण तिच्याच भाषेत सांगायचं तर इकडची स्वारी ऐकायला तयार नव्हती.

आणि मग आतोबांना धूळ दिसली. सारवलेल्या जमिनीवर धूळ कधी येते, कधी बसते, कोणाला कळत नाही. शेणाचा हात फिरला की ती जमिनीतच मुरून जाते. शहाबादीवर सकाळी केर काढावा आणि दुपारी बोटाने नाव लिहावं! त्यात कल्याण गाव. बंदराकडून स्टेशनाकडे गवताच्या गाड्यांची रांग लागलेली, जंक्शनात इंजिनं धूर ओकताहेत आणि आळीतला रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. आतोबा फरशीवरून तळवा फिरवीत, तो उजेडात धरीत आणि वैद्याने नाडी पाहावी तसं निदान करीत. "ही स्टेशनाची. काळी आहे बघ, हाताला चिकटते." "ही मुरबाडच्या रस्त्याची, तांबूस." एकदा एक गृहस्थ त्यांच्याकडे काही कामाला येऊन बसले होते. आतोबांनी त्यांच्या पाटाशेजारून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आपण गवताच्या वखारीवरून आलात." ते बिचारे खरोखरच तिथून आले होते. पुन्हा काही ते त्या घरात शिरले नाहीत.

केर काढण्याचं काम आतोबांनी आत्याच्या हातातून काढूनच घेतलं. "तुम्ही बायका केर काढत नाही, केर हलवता," असं त्यांचं म्हणणं. केरसुणीने धूळ उडते म्हणून त्यांनी मोरपिसांचा कुंचा आणला. तो पिसं गाळू लागला म्हणून ओलं फडकं धरलं. फडकं तीनदा पिळायचं, आणि पुसत पुसत मागे सरकत दारापर्यंत यायचं. एकदा कोणीतरी सांगितलं की ओला कोंडा पसरून मग झाडलं तर धूळ कोंड्याला चिकटते. युक्ती चांगली होती. आतोबांनी पायलीभर कोंडा भिजवून ओसरीवर पसरला आणि केरसुणी आणायला आत गेले, तेवढ्यात शेजारची गाय वास काढीत पायऱ्या चढून वर आली. तिने निवांतपणे सगळा कोंडा चाटून खाल्ला आणि जाताना आपली ठेव मागे ठेवून गेली. आत्या दारातून म्हणाली, "घ्या, आयतंच शेण आलं. आता सारवून टाका!" त्या दिवशी आतोबा जेवले नाहीत.

दारात त्यांनी पाण्याची घागर आणि ओळीने तीन गोणपाटं मांडली होती. पहिल्यावर पाय झटकायचे, दुसऱ्यावर पुसायचे, तिसऱ्यावर वाळेपर्यंत उभं राहायचं. मग आत. मीठ घेऊन येणारी एक म्हातारी आगरीण होती, ती एकदा तिसऱ्या गोणपाटावर उभी राहून कंटाळली आणि म्हणाली, "आरं बाबा, तुजे घरान येवाचा म्हंजे आंगोल करून येवाचा का? माजा मीठ इरगललं ना इथं!" हळदीकुंकवाला बायका आल्या तर हे फडकं घेऊन त्यांच्या मागे मागे. पुढे पुढे आत्याकडे हळदीकुंकवाला कोणी येईनासं झालं. मला मात्र हे सगळं म्हणजे पर्वणीच होती. मी ठाण्याला कचेरीत नोकरीला होतो. रोज गाडीने जायचं आणि गाडीने यायचं. आतोबांचं गेंगाणं बोलणं, उकिडवं बसून तळवा फिरवणं, उजेडात धरणं, सगळं मी असं हुबेहूब करीत असे की कचेरीतली माणसं पोट धरून हसत. "आज काय नवीन?" असं मला येताजाता विचारीत. नवीन काही घडलेलं नसलं तर मी पदरचं रचून सांगत असे. लोक हसले की झालं.

आतोबांना एकच लेक, गोदू. तिला ठाण्यात दिली होती. आत्याला मुलगा नव्हता, म्हणून मीच गोदूचा भाऊ. ती मला दादा म्हणे. त्या वर्षी भाद्रपदात ती गौरींसाठी माहेरी आली. आत्याने पहाटे उठून उंबऱ्यापासून माजघरापर्यंत तांदळाच्या पिठाची गौरीची पावलं काढली, त्यांवर कुंकवाची बोटं ठेवली. गोदू विहिरीवर गौर आणायला गेली. तेवढ्यात आतोबा संध्या आटोपून बाहेर आले आणि त्यांना फरशीवर पांढरं काहीतरी दिसलं. हो, पावलंच दिसली असतील. पण त्या हाताला आता सवयच अशी लागली होती की डोळ्यांची वाट तो पाहत नसे. फडकं पिळून त्यांनी सगळं पुसून काढलं.

गोदू दारात आली. डोक्यावरून पदर, हातात ताम्हन, ताम्हनात गौर, पाय विहिरीच्या चिखलाने भरलेले. मागे आळीतल्या चार बायका. आत्या आतून विचारीत होती, "गौरी, गौरी, कशाच्या पावलांनी आलीस?" 'सोन्याच्या पावलांनी' असं गोदूने म्हणायचं. तिने खाली पाहिलं तर पावलंच नाहीत, नुसती ओली फरशी, आणि उंबऱ्याशी उकिडवे बसलेले आतोबा तिच्या पायांकडे बघत म्हणाले, "थांब! आधी पाय पूस."

मी तिथेच उभा होतो. बायका चपापल्या. आत्या धावत बाहेर आली आणि तिने गोदूच्या हातातलं ताम्हन घेतलं, तशी गोदू रडू लागली. तेव्हा कुठे आतोबांच्या ध्यानात आलं की आपण काय पुसलं आणि कोणाला अडवलं. त्यांचा चेहरा पाहवेना. आत्याने घाईघाईने पुन्हा पावलं काढली, पूजा झाली, नैवेद्य झाला, पण घराचा सगळा उत्साह मावळला होता. तिसऱ्या दिवशी गौरी बोळवल्या आणि गोदू निघाली. निघताना नमस्कार करून ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुमची फरशी आता स्वच्छ राहील."

दिवाळीला ती आली नाही. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी मी घरी पान जमवत बसलो होतो, तो आतोबा आमच्या मागच्या दारी आले. रस्त्यातून अनवाणी, पाय तसेच धुळीने माखलेले. खाली मान घालून म्हणाले, "उद्या गोदूकडे जाशील ना? तिला म्हणावं, पाय न धुता ये." मग थोडं थांबून म्हणाले, "एकटीला सांग हो. चारचौघांत नको." मी बरं म्हटलं. ते गेल्यावर मला हसू आलं, काय सांगू! पाय न धुता ये! याच्यापेक्षा चांगलं मला पदरचं रचूनही सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याला गोदूने ओवाळलं, फराळ झाला. तिच्या सासरचं घर माणसांनी भरलेलं. कोणीतरी विचारलं, "अहो, तुमच्या आतोबांचं काय नवीन?" आणि झालं! मी उकिडवा बसलो, जमिनीवरून तळवा फिरवला, उजेडात धरला आणि गेंगाण्या आवाजात म्हणालो, "गोदूला म्हणावं, पाय न धुता ये!" घर दणाणून गेलं. दीर हसले, सासरे हसले. गोदूच्या सासूबाईंचं हसू मात्र लगेच ओसरलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आजवर आमची सून इथून घाणेरडे पाय घेऊन जात होती म्हणायची! आता तसेच चालवून घेणार, एवढी मेहेरबानी!" गोदूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तबक घेऊन ती आत गेली. तिला गाठून नीट सांगावं असं माझ्या मनात आलं, नाही असं नाही. पण गाडीची वेळ झाली होती, आणि मला लाज वाटत होती. मी निघून आलो.

आतोबा ओसरीवर वाट बघत बसले होते. "काय म्हणाली?"

"येते म्हणाली," मी म्हटलं. खोटं. त्या वेळी तेच सोपं वाटलं.

त्या दिवसापासून आतोबांनी फडकं हातात घेतलं नाही. तीन गोणपाटं उचलून टाकली. आत्या केर काढायला गेली तर म्हणत, "राहू दे गं. फार लखलखीत नको. तिला परकं वाटायला नको." ठाण्याहून येणाऱ्या दुपारच्या गाडीच्या वेळी ते ओसरीच्या टोकाला जाऊन बसत, आणि मी संध्याकाळी घरी आलो की आज ना उद्या येईल म्हणून मलाच धीर देत! मी रोज ठरवीत असे की उद्या गोदूकडे जायचं. रोज ठाण्यात असून मी गेलो नाही. माघात आतोबांना ताप भरला आणि पाच दिवसांत आटोपलं. गोदूला कळवलं ते आतोबा गेल्याचंच.

ती आल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं ओसरीवर होतो. आत आत्या जरा पडली होती. गोदूने विचारलं, "दादा, भाऊबिजेला तू सांगितलंस ते बाबा खरंच म्हणाले होते?"

"खरंच म्हणाले होते."

"मला वाटलं तू रचलंस."

मग मी तिला सगळं सांगितलं. ते मागच्या दारी कसे आले, मान वर करीत नव्हते, एकटीला सांग म्हणाले, सगळं. माझ्याच आवाजात सांगितलं. मग ती म्हणाली, "मी येते म्हटलंच नव्हतं, हे तू त्यांना सांगितलंस का?"

"नाही. येते म्हणाली, असं सांगितलं."

"म्हणजे ते वाट बघत होते."

"हो," मी म्हटलं. "रोज."

गोदूने मला चार शिव्या द्याव्यात, दारातून घालवून द्यावं, असं मला फार वाटत होतं. मी त्याचीच वाट पाहत होतो. पण तिने डोळे पुसले आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तू वाईट नाहीस रे दादा. लोक हसायला लागले की तुला भान राहत नाही, एवढंच."